बोर्ड म्हातारा झालाय

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी पडलेली हिरवी पाटी म्हणजे मी. जुना प्रोटोटाइप बोर्ड. एकदा चिप कारखान्यात घडली की तिच्यातली चूक पुसता येत नाही, म्हणून तिची तालीम आधी माझ्यावर होते. माझ्या मधोमध बसवलेली मोठी चिप सांगाल ते सोंग घेते. मी कितीतरी चिपा होऊन पाहिल्या. कौतुक मात्र त्यांचं झालं.

शेवटचं सोंग नेटवर्कच्या चिपचं होतं. एका दाराने आलेलं माहितीचं पॅकेट योग्य त्या दाराने बाहेर सोडायचं, एवढंच काम. ती रचणाऱ्या इंजिनिअरची ही पहिलीच चिप. डिझाइन कारखान्यात जाण्याची तारीखसुद्धा त्याने घरी आईला सांगून टाकली होती.

पण दोन दारांनी पॅकेटं एकदम आली की कधीकधी एक नाहीसं व्हायचं. आमच्या खोलीत अशा वेळी एकच निदान होई: बोर्ड म्हातारा झालाय. माझ्या केबली बदलल्या, डोक्यावर पंखा बसवला, दोन चापट्याही मारल्या. शेवटी इंजिनिअरने चाचणीच्या प्रोग्रॅमलाच शिकवलं, की हरवलेलं पॅकेट गुपचूप पुन्हा पाठव आणि वाच्यता करू नकोस. पडद्यावर सगळं हिरवंगार झालं, म्हणजे चाचणी पास. साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझ्या आयुष्यातली ही एकमेव शाबासकी, आणि तीही खोट्या कामाची.

तपासणी करणाऱ्या ताईंना इतकं हिरवं सोसेना. त्यांनी प्रोग्रॅम उघडून ती पळवाट काढून टाकली. पॅकेटं पुन्हा हरवू लागली.

इंजिनिअर म्हणाला, "ताई, उद्या डिझाइन कारखान्यात जायचंय. आता कशाला उकरून काढताय? बोर्डच गेलाय."

"मग नव्या बोर्डावर चालव की, राजा. तिथेही हरवलं, तर म्हातारं कोणाला म्हणशील?"

नवा बोर्ड आला. कोरा, चकचकीत, अंगावर एक ओरखडा नाही. त्यानेही पॅकेट हरवलं.

तेवढ्यात साहेबांनी दारातून विचारलं, "पाठवायचं ना?" ताईंनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरने 'हो' म्हटलं असतं तरी त्या क्षणी कोणी अडवलं नसतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "चूक डिझाइनमध्ये आहे. माझी आहे."

तारीख गेली. साहेब बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत. चिप उशिरा आली, पण धड आली. पुढची तालीम नव्या बोर्डाला मिळाली आणि मला ही फळी.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण त्यांच्यावर खापर फोडण्याआधी तेच काम एकदा नव्या वस्तूवरही करून बघा. मी चुकत नाही असं नाही. त्या खेपेला चुकलो नव्हतो, आणि तेवढं मला अजून कोणी म्हणालेलं नाही.