तांबड्याच्या आधी

मित्रांनो, मी काचेच्या कुपीतली चिमूटभर पांढरी पूड आहे, आणि एका जागी बसून राहणं मला जमत नाही. कारखान्यात मला भरलं, झाकण घट्ट दाबलं आणि या दवाखान्याच्या काचेच्या कपाटात आणून ठेवलं. अकरा महिने तिथेच. शेजारचं तांबडं औषध मात्र कॅन्सरच्या गाठीवर रोज जाई. ते गाठ नष्ट करतं खरं, पण जाता जाता हृदयालाही दुखावतं. त्याच्या आधी पोचून हृदय सांभाळायचं, हे माझं काम. पण मला कुणी हातच लावीना. नुसती चिडचिड व्हायची.

त्या दिवशी एक टपालवाली बाई सातव्या डोससाठी आली. सोबत धाकटा भाऊ. तांबडं स्टँडवर टांगून तयार होतं. सिस्टरने विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?"

"छे, अजिबात नाही."

"खोटं बोलतेय," भाऊ म्हणाला. "काल दोन मजल्यांत तीनदा बसली."

"तुला कुणी विचारलं का?" बाईने डोळे वटारले. मग सिस्टरला हळूच म्हणाली, "दम लागतो म्हटलं तर औषध बंद कराल. गाठ परत वाढली म्हणजे?"

सिस्टरने तांबडं खाली उतरवलं. हृदयाची तपासणी झाली. इकडे माझा जीव टांगणीला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हृदय थकायला लागलंय, पण वेळ गेलेली नाही. औषध बंद नाही करायचं. आधी हे देऊ."

हे म्हणजे मी. मला विरघळवलं आणि सलाईनमधून थेंब थेंब सोडलं. अकरा महिने कसेबसे काढले होते, पण ती पंधरा मिनिटं सरता सरेनात. माझ्या पाठोपाठ तांबडं निघणार होतं ना.

"अजून काय काय चुगल्या करणार आहेस?" बाईने भावाला विचारलं.

"विचारतील तेवढ्या सगळ्या, ताई."

ती हसली, पण भावाचा हात तिने सोडला नाही.

आता मी तिच्या हृदयाशी पोचले आहे. तोंडाने 'अजिबात नाही' म्हणणाऱ्या बाईचं काळीज आत किती धडधडतंय, ते मला इथे कळतंय. मागून तांबडं येतंय. गाठ बरी करणं माझ्या हातात नाही, आणि उद्यापर्यंत मी लघवीवाटे निघूनही जाईन. म्हणून घाईने सांगते. मित्रांनो, दम लागत असेल तर लागतो म्हणा. आम्ही औषधं कुपीत बंद असतो. तुम्ही खरं बोलल्याशिवाय आम्हाला बाहेर काढणार कोण?