मृतांच्या यादीत थेडी मनेली

नोव्हेंबर लागला की फादर हेलेरन दर रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर गावातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणून त्यांची नावं वाचत. ज्याने त्याने आपल्या घरची नावं आधी कागदावर लिहून दिलेली असत. पोस्टमास्तरीण सबिना रुएन हे सगळं अर्ध्या कानाने ऐकायची. नावं दर वर्षीचीच असत, भर पडलीच तर एखाद-दुसऱ्याची. त्या रविवारी फादरांनी "थेडी मनेली" असं वाचलं आणि तिने चटकन मान वर केली.

थेडी जिवंत होता. निदान अमेरिकेहून बोट यायला जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांपूर्वी तरी होता. त्याच्या हाताने पत्ता लिहिलेलं वर्तमानपत्र शुक्रवारीच तिच्या टेबलावर आलं होतं.

थेडी पत्र लिहिणाऱ्यांतला नव्हता. रेल्वेच्या कामावर तो गावोगाव फिरे आणि जिथे असेल तिथून न्यूयॉर्कमधल्या आयरिश लोकांचं 'बीकन' हे साप्ताहिक गुंडाळून आईला पाठवी. गुंडाळीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर तेवढा आईचा पत्ता. त्याचा स्वतःचा पत्ता कधीच नसे. ऊना मनेलीला वाचता येत नव्हतं. पेपर शाळेतले मास्तर वाचायचे, मग तो घरोघर फिरायचा आणि शेवटी कुणाच्या तरी फडताळात अंथरला जायचा. ऊनाला त्यातली फक्त पट्टी कळायची. पट्टीवर थेडीचं अक्षर आहे, म्हणजे थेडी आहे. गावातल्या निम्म्या आयांचं असंच चाले.

उन्हाळ्यात डब्लिनहून हुकूम आला. अमेरिकेतले आयरिश पेपर कुणालाही द्यायचे नाहीत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचे, आणि ज्याचा पेपर अडवला त्याला ते कळू द्यायचं नाही. जर्मनीशी चाललेल्या महायुद्धाला 'बीकन' इंग्रजांची लढाई म्हणत असे, आयरिश पोरांनी तीत मरू नये म्हणे, त्यामुळे त्याचं नाव हुकुमात अगदी वर होतं. सबिनाने नोकरीला लागताना टपालाबद्दल तोंड न उघडण्याची शपथ घेतली होती. पोस्टाच्या मागच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या, आणि त्यातल्या एका खोलीत तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. मग ऊना येऊन विचारायची, "काही आलं का गं पोरी?" आणि सबिना नकारार्थी मान हलवायची. त्यात आता अमेरिकाही लढाईत उतरली होती. थेडीच्या वयाची मुलं सैन्यात घेतायत, हे ऊनाच्याही कानावर गेलं, आणि नोव्हेंबरात तिने त्याचं नाव यादीसाठी लिहवून दिलं.

फादरांनी नाव वाचलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा गुंडाळी आली. सबिनाने किटलीच्या वाफेवर पट्टी धरली, अलगद सोडवली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

थोड्या वेळाने पोलिसांचे सार्जंट टिस्डेल अडवलेले पेपर न्यायला पिशवी घेऊन आले. "हा उघडाच कसा, मिस रुएन?"

"तसाच आला. बोटीत भिजला असेल."

त्यांनी पेपर उलटसुलट केला. तो खडखडीत कोरडा होता. "आणि वहीत कुणाचं नाव टाकू?"

"पत्ताच नाही, तर नाव कुठून सांगू?"

सार्जंटही रविवारी मिस्साला असत, चौथ्या बाकावर. त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग 'पत्ता नाही' असं लिहून पेन्सिल कानामागे खोचली. "डब्लिनवाले वैतागणार," म्हणाले आणि गेले.

दुपारी पोस्ट बंद करून सबिना ऊनाकडे गेली. ऊना बटाटे सोलत होती. सबिनाने पट्टी टेबलावर ठेवली. ऊनाने हात पुसले. मग पुन्हा पुसले. अक्षरांना हात न लावता ती वाकून बघत राहिली.

"हे कधी आलं?"

"मला बोलता येत नाही, मिसेस मनेली. शपथ आहे."

"बरं. मग मीच बोलते, तू चहा पी." तिने कप भरून पुढे सरकवला. "माझं चुकलं, तर कप खाली ठेव. आजच आलं?"

सबिनाने घोट घेतला.

"याआधीही येत होते?"

घोट.

"आणि सरकारच ठेवून घेत होतं?"

घोट.

"आणि उन्हाळ्यापासून मी तुझ्या खिडकीशी येऊन विचारत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

सबिनाला कप उचलवेना, आणि खाली ठेवायचीही सोय नव्हती. तो तसाच हातात राहिला.

"मी त्याचा चांगला कोट देऊन टाकला," ऊना म्हणाली. "लॅव्हेलच्या पोराला. रडत रडत दिला गं, भवाने!"

ती उठली, शाल ओढली. "चालले फादरांकडे. आत्ताच्या आत्ता खोडा म्हणते ते नाव."

दारात मात्र ती थबकली.

"कुणी सांगितलं, असं विचारतील."

"विचारतीलच," सबिना म्हणाली.

"फादर विचारतील, मग त्यांची स्वयंपाकीण विचारेल. आणि तिला कळलं की पोलिसांच्या बराकीत कळलंच." ऊनाने शाल पुन्हा खुंटीला लावली. "तुझा बाप कसा आहे?"

"तसेच आहेत."

"मग राहू दे. या महिन्यात जेवढे रविवार उरलेत, तेवढे वाचू देत. थेडीचं काही बिघडत नाही. लहानपणी त्याने प्रार्थनेला इतक्या दांड्या मारल्यात, की एवढ्याने भरपाई होत असेल तर बघू." पट्टी तिने पोलक्यात सरकवली. "जा आता. आणि मान हलवत जा, नेहमीसारखी. लोक बघतात."

रविवारी फादरांनी नाव वाचलं. शेजारच्या बार्बरा गिंटीने ऊनाचा हात घट्ट धरला. ऊनाने शाल तोंडावर ओढून घेतली, तिचे खांदे हलत होते. बायका हळहळल्या. मागच्या बाकाशी सबिना गुडघे टेकून होती. ऊना हसत होती, का खरंच रडत होती, हे तिला मागून कळत नव्हतं.

बाहेर पडताना लोकांनी ऊनाला घेरलं. कुणी पाव दिला, कुणी अंडी. सबिना वाटेत उभी होती. ऊना तिच्या अगदी जवळून गेली, सबिनाने डोकं लववलं, पण ऊनाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ते लोकांसाठी होतं की तो तिचा खरा राग होता, ते सबिनाला समजलं नाही. विचारायला तिच्याकडे तोंडही नव्हतं.