शुक्रवारी आलेला कोफी

यंत्र आलं शुक्रवारी. तिकडे मुलाचं नाव जन्मवारावरून ठेवतात, शुक्रवारचा तो कोफी; म्हणून होहोए गावच्या कॉलेजातल्या पोरांनी यंत्राला कोफी म्हटलं आणि हिरव्या शाईने त्याच्या कुशीवर ते लिहूनही टाकलं. पदार्थावर किरण टाकून तो कोणता ते ओळखणं हे कोफीचं काम. तिथल्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झिफा अगबेको यांनी शाई पाहून मुलांना रागावल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "कोफी उठला का रे?"

पदवीची मान्यता टिकवायची तर असं यंत्र विभागात हवं, हा नियम जुनाच. पण शेजारच्या केटा आणि अकात्सी गावांतल्या विभागांकडे ते नव्हतं. मग तपासणी जवळ आली की अकात्सीचा विभागप्रमुख सेलासी याचा फोन यायचा.

"दावी, कोफीला दोन दिवस पाठव ना!"

दावी म्हणजे थोरली बहीण, आणि थोरलीच्या तोंडून 'नाही' निघतं थोडंच? रंगीत कापडात गुंडाळलेला कोफी सेलासीच्या मांडीवर बसून खचाखच भरलेल्या ट्रोट्रो गाडीने निघायचा. एकदा शेजारी बसलेल्या म्हातारीने कापडाचं टोक उचलून विचारलं, "बाळ झोपलंय होय?"

अकात्सी पास झालं, केटा पास झालं, होहोए तर होतंच. सगळे खूश. आणि इथेच तिघांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मान्यता देणाऱ्या समितीला वाटलं, गावोगावी यंत्रं आहेत, आता नियम वाढवायला काय हरकत? नव्या मसुद्यात लिहिलं गेलं: प्रत्येक विभागात अशी दोन यंत्रं, नाहीतर मान्यता रद्द.

झिफाने ते कलम दोनदा वाचलं. दुसरा कोफी कुठून आणायचा? विभाग बंद झाला तर पोरांनी जायचं कुठे?

मसुद्याची बैठक कुमासीच्या मोठ्या विद्यापीठात भरली. समितीचे अध्यक्ष प्रोफेसर असामानी तिथलेच; तपासणीलाही तेच यायचे. त्यांनी ते कलम वाचलं आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "कोणाला काही अडचण?"

झिफा खुर्चीत चुळबुळली, तेव्हा सेलासीने तिचा पदर ओढावा तसा बाहीचा कोपरा ओढला.

"गप बस, दावी! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अरे, ती झाकलेली मूठच आपल्या नाकावर बसतेय," असं म्हणून झिफा उठली. आवाज ठणठणीत निघाला. "प्रॉफ, आमच्या तिन्ही विभागांत मिळून यंत्र एकच आहे. तुम्ही आलात की ते प्रवासाला निघतं."

सेलासीने डोळे मिटून घेतले. केटाचे विभागप्रमुख एडेम खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड निरखू लागले.

प्रोफेसर असामानींनी चष्मा काढला. "कोफी ना?"

झिफा चमकून त्यांच्याकडे बघू लागली.

"होहोएत भेटला, केटात भेटला, अकात्सीत भेटला. म्हटलं, या भागात सगळी यंत्रं शुक्रवारीच जन्मतात की काय!" त्यांचं पोट गदगदू लागलं. "वाट पाहत होतो, कोणीतरी बोलेल म्हणून. बाई, तुम्ही फार वेळ लावलात."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. सेलासीने एक डोळा उघडला.

"हसा," झिफा म्हणाली, "पण आमची सगळी पोरं ते यंत्र चालवतात. स्वतःच्या हातांनी. मोजायचं तर तेच मोजा ना!"

त्यावर मात्र दुपारच्या केंके-मासळीच्या जेवणापर्यंत वाद झाला. शेवटी कलम बदललं: यंत्र स्वतःचं असो वा शेजाऱ्याचं, प्रत्येक विद्यार्थ्याने ते स्वतःच्या हातांनी चालवलेलं असलं पाहिजे. झिफाने ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घेतलं. आनंदाने तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलेही नाहीत.

जेवताना तिने विचारलं, "प्रॉफ, तुमच्याकडे तर दोन यंत्रं आहेत. त्यांची नावं काय?"

असामानींचा घास हातातच राहिला.

"नावं नाहीत," ते म्हणाले. "काचेच्या कपाटात आहेत, कुलूप लावून. पोरांनी बिघडवू नयेत म्हणून." मग ते थोडं पाणी प्यायले. "नवा नियम आम्हालाही लागणार, नाही का? कपाट आज उघडतो. पण चालवायचं कसं, ते शिकवायला तुमची पोरं पाठवाल?"

"पाठवते की! बारसंही तीच करतील."

"आज वार कोणता?"

"मंगळवार, प्रॉफ."

"म्हणजे दोघंही क्वाबेना," असामानी म्हणाले, आणि खिशात किल्ली चाचपू लागले.