रूपाची टॉवेल-टोपी

आमच्या घरात मी थोरली जाऊ. सणावाराला पहिला नमस्कार मला. पण बांधकामावर पाय ठेवला की सगळं उलटं. तिथे धाकटी रूपा हातात थापी घेऊन परांचीवर उभी असते आणि वरून मला हाक मारते, "अक्का, माल लई या." मग मी, हेमलता, डोक्यावर सिमेंटचं घमेलं घेऊन निघते. कुणाच्या पोटात दुखणार नाही? माझ्या तर दुखतं, सरळ सांगते.

त्यात ती थापी आधी मलाच मिळणार होती. आमचे चुलत सासरे नवल आबा मिस्त्री आहेत. साक्रीहून आम्हाला त्यांनीच धुळ्याला कामावर आणलं. गुडघे गेले, तसं त्यांना वर चढवेना. मला म्हणाले, "हेमलता, थापी धर. याले कॉलेज लागत नई, हात आन नजर लागस." मी पदर पुढे ओढून नाही म्हणून मान हलवली. सासरा खाली उभा आणि सून त्याच्या डोक्यावर परांचीवर? आमच्यात सून सासऱ्यासमोर खाटेवरसुद्धा बसत नाही. रूपा शेजारीच विटा उचलत होती. म्हणाली, "आबा, मी चढते. तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा." आबा हसले आणि थापी तिला देऊन बसले. नववीत शाळा सोडलेली ती, आणि मी दहावी पास.

तेव्हापासून मी तिच्या भिंतीत खोट शोधते. जेवणाच्या सुट्टीत ती खाली बसली की गुपचूप ओळंबा सोडून बघते. भिंत सरळच निघते मेली.

परवा एका मास्तरांच्या घराची चौकट बसली. चौकट बसवली की घरमालक मिस्त्रीला कुंकू लावून टॉवेल-टोपी देतो. चार लोकांसमोर मान मिळाला की मग तो खरा मिस्त्री. मास्तरांनी टॉवेल-टोपी आबांच्या हातात ठेवली आणि मास्तरीणबाईंनी रूपासाठी साडी आणली. "बाईमाणूस टोपी घेऊन काय करणार?" त्या म्हणाल्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. साडी म्हणजे पाहुणी, मिस्त्री नव्हे. बरी जिरली, मी मनात म्हटलं.

रूपाने साडीला हात लावून नमस्कार केला आणि ती ताटातच राहू दिली. "काकू, साडी माहेरीबी मिळते. चौकट मी बसवली."

आबांनी टॉवेल-टोपी मास्तरांच्या हातात परत दिली. "मी नुसता खाले उभा व्हतू," ते म्हणाले. "तिले द्या."

रूपाने टॉवेल खांद्यावर टाकला आणि पदरावरून टोपी घातली. दोघं-तिघं हसले, पण मास्तर तिला कुंकू लावायला लागले तसे गप्प झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कौतुकाचं नव्हतं ते.

संध्याकाळी टोपी घरात खुंटीवर होती आणि रूपा पाण्याला गेली होती. मी टोपी काढली, पदरावर चढवली आणि आरशासमोर उभी राहिले. वाईट दिसत नव्हते. मागे बघितलं तर दारात रूपा, कडेवर हंडा.

ती हसली असती तर मी भांडले असते. ती हसली नाही. "ती मन्ही शे, अक्का," म्हणाली. "तुमनी तुम्ही कमावा."

मी टोपी खुंटीला लावली. त्या रात्रीच्या भाकरी सगळ्या करपल्या, आणि कुणाची बोलायची टाप नव्हती.

सकाळी कामावर पुन्हा तीच हाक. "अक्का, माल लई या." मी घमेलं भरलं, परांचीवर नेऊन ठेवलं आणि मागोमाग स्वतः चढले. खाली आबा उभे होते. पदर पुढे ओढायला हात गेला, तो मी आवरला.

"सरक," मी रूपाला म्हटलं. "दे ती थापी."

तिने दिली. मी भिंतीवर पहिला गोळा मारला तो घसरून थेट आबांच्या खांद्यावर. आबांनी तो झटकला आणि ते तोंड वळवून उभे राहिले. दुसराही पडला. तिसरा अर्धा चिकटला. असं करता करता घमेलं रिकामं झालं आणि रूपा ते उचलून मुकाट्याने खाली उतरली.

ती जमिनीला लागेपर्यंत मी थांबले. मग वरून हाक मारली, "रूपा, माल आण."