बाबांचा आवाज जाताना

"अजून जरासा डावीकडे! जरासाच!" खालून जोडीदार ओरडला.

कमरेचा पट्टा मोबाइल टॉवरच्या लोखंडाला अडकवून तो वाऱ्यात लटकला होता. आदल्या दिवशीच्या वादळाने टॉवरवरची तबकडी किंचित फिरली होती. किंचितच, पण पलीकडच्या डोंगरावरच्या तबकडीशी तिची नजरानजर तुटली आणि अख्ख्या खोऱ्यातले फोन मुके झाले.

सकाळी तो ऑफिसातून निघत होता, तेवढ्यात ताईचा फोन आला होता. बाबांच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता, रुग्णवाहिका मोठ्या इस्पितळाकडे निघाली होती. "तू आधी इकडे ये," ताई रडत म्हणाली. मागून नर्सबाई बोलल्या, "पुढे खोऱ्यात फोन लागत नाही म्हणे. औषध कधी वाढवायचं ते मला वाटेत डॉक्टरांना विचारावं लागणार आहे हो."

तो बाबांकडे गेला नाही. टॉवरवर आला.

"बस! तिथंच आवळ!"

त्याने बोल्ट आवळले. थोड्याच वेळात खिशातला फोन थरथरला.

"लागला रे लागला!" ताई म्हणाली. "नर्सबाई डॉक्टरांशीच बोलतायत. बाबा शुद्धीत आहेत, सारखे तुला विचारतायत. घे, बोल."

बाबा जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबांवर चढून तारा जोडण्यात त्यांची हयात गेली. तारेवाचून आवाज जातो हे त्यांना मनापासून कधी पटलंच नव्हतं.

"कुठं आहेस?" आवाज जड, ओढल्यासारखा.

"टॉवरवर, बाबा. तुमची गाडी दिसतेय मला."

"मग माझा आवाज... सरळ येतोय का तुझ्याकडं?"

"छे! आधी माझ्या टॉवरवर येतो. इथून पलीकडच्या डोंगरावर, तिथून जमिनीखालच्या तारेतून केंद्रात. केंद्र मला हुडकतं, आणि त्याच वाटेनं परत माझ्या कानात."

"अरे, तू तर समोर आहेस!"

"समोर असलो तरी."

"आणि तार आहे म्हणालास?"

"आहे की. काचेची. केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड पळतो."

"काचेची..." बाबा कितीतरी वेळ तेवढंच घोळवत राहिले.

गाडी खिंडीच्या वळणाशी आली. "बाबा, आता पुढचा टॉवर तुम्हाला घेईल."

"तुटेल?"

"नाही. तो आधी जागा करून ठेवतो, मगच माझा सोडतो."

पांढरा ठिपका डोंगराआड गेला. इतकी वर्षं हेच काम करूनही ही अदलाबदल त्याने कधी कान देऊन ऐकली नव्हती. त्याने श्वास रोखला. खट्ट नाही, खरखर नाही.

"घेतलं का त्यानं?" बाबांनी विचारलं.

"घेतलं."

"कळलंसुद्धा नाही रे."

त्याने खाली पाहिलं. घरं, शेतं, बाजार, शाळा. कोणी भांडत असेल, कोणी लग्न ठरवत असेल, कोणी नुसतंच 'जेवलास का' विचारत असेल. ते सगळं ह्याच लोखंडावरून चाललं होतं, एकाचा शब्द दुसऱ्यात न मिसळता. त्या गर्दीतून बाबांचा खोकला नेमका त्याच्याच कानाशी येत होता.

मग बाबांचे शब्द विरळ झाले. उरला फक्त श्वास. जोडीदार खालून हाका मारत होता, "अरे उतर, वारा वाढलाय!" तो उतरला नाही. डोंगरांमागून डोंगर ओलांडत तो श्वास येत राहिला, आणि तो ऐकत राहिला.

"पोहोचलो," ताई म्हणाली. "आत नेतायत."

बाबा वाचले. एक हात मात्र लुळा पडला, आणि बोलणं परत आलं नाही.

आता तो टॉवरवर चढला की घरी फोन लावतो. ताई तो बाबांच्या कानाशी धरते. वरून काय काय दिसतंय ते तो सांगत जातो. सांगण्यासारखं संपलं की गप्प होतो. ताई फोन काढून घ्यायला जाते, तेव्हा बाबा चांगल्या हाताने तो घट्ट धरून ठेवतात.