शेगड्यातली बंदूक

"हे बगा, डोळं उघडून बगा!"

एदुविनाबाईनं मसुराची चार-पाच उपटलेली झाडं टेबलावर आपटली, तशी आमच्या नव्या बंदुकीवर माती उडाली.

"काल ह्यास्नी शेंगा हुत्या. आज नुसतं बुडखं राहिल्यात. जुळली का न्हाई तुमची बंदूक अजून?"

दॉन क्लोदोमिरोनं आधी बंदुकीवरची दुर्बीण फडक्यानं पुसली. हा आमच्या गावमंडळाचा अध्यक्ष. उत्तर देण्याआधी काहीतरी पुसायचं, ही त्याची जुनी खोड.

"बाई, ह्ये यंत्र हाय. कुदळ न्हवं, उचलली आन हाणली म्हणाय. यंत्र जुळवावं लागतं."

"किती दिस?"

"जुळंपत्तोर."

"तवर सशांनी काय उपास धरायचा?" बाई म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

मी नोल्बेर्तो, मंडळाचा चिटणीस. टेबलाच्या शहाण्या बाजूला मीही बसलो होतो. पुढं जे हसं झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग मला दुसऱ्यांची उणीदुणी काढायला मोकळीक.

आमच्या लोमा कोलोरादा गावात सशांचा बंदोबस्त पहिल्यापासून बायकांनीच केला. सशाची वाट हेरायची, वीतभर तारेचा फास खुंटीला बांधून वाटेवर लावायचा, सकाळी जाऊन ससा आणायचा. मग कांदा, गाजर आणि द्राक्षाचा शिरका घालून तो मुरवायचा. त्याचा कधी गाजावाजा नाही की बैठक नाही. एदुविनाबाईचं रान टेकडीच्या पायथ्याला, सगळ्यांच्या वर. ससे उतरले की पहिली पंगत तिच्याच मसुरात बसते. नवरा मासेमारीच्या बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. पदरात दोन पोरी. त्या एकरभर मसुरावर तिघींनी सगळा हिवाळा काढायचा आणि त्यातूनच पुढच्या पेऱ्याचं बी ठेवायचं.

पण सप्टेंबरात दॉन क्लोदोमिरोचं शिकारी कुत्रं तिच्या फासात अडकलं. पाय थोडा सोलला, आठ दिवस लंगडलं. तेवढ्यावरनं अध्यक्षानं बैठक बोलावली आणि ठराव केला, की गावात कुणी तार लावायची नाही. लावली तर टँकरच्या पाण्याची पाळी बंद. आता आमच्या तांबड्या मातीत उन्हाळ्यात टँकर नाही आला तर माणसानं प्यायचं काय? बायकांनी तारा गुंडाळून ठेवल्या. फासाऐवजी मंडळ छर्र्याची बंदूक घेईल असं ठरलं. त्यासाठी बायकांनीच बिंगोचा खेळ भरवला, दोन दिवस कढईपुढं बसून सारण भरलेल्या एम्पानादा तळून विकल्या. बंदूक आली. ती पुरुषांनी उचलली, आणि त्यानंतर तीन आठवडे एकाही बाईचा हात तिला लागला नाही.

पहिला आठवडा स्प्रिंगच्या कुरकुरीत गेला. बंदुकीची नळी मधे दुमडून हवा भरताना आतली स्प्रिंग करकरायची. रुपेर्तो सुतार म्हणाला, "गाडीचा आस करकरला तर काय घालता? डुकराची चरबी. मग हिला काय येगळं पायजे?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? चांगली चमचाभर चरबी पातळ करून आत ओतली. दॉन क्लोदोमिरोनं चाप ओढला आणि असा काही बार झाला, की तो मागच्या मागं बादलीत बसला. निळा धूर, आणि त्या धुराला तळलेल्या डुकराचा वास! तीन घरची कुत्री जिभा काढून धावत आली. छर्रा कुठं गेला ते देवाला ठाऊक.

"ताकद वाढली," बादलीतनं उठत अध्यक्ष म्हणाला.

मग ती ताकद चिंध्यांनी पुसून काढण्यात तीन दिवस गेले.

दुसरा आठवडा छर्र्यांचा. टोकदार, गोल, बसक्या डोक्याचे, हलके, जड. तीस पावलांवर कॉफीचा रिकामा डबा ठेवायचा आणि एकेकानं मारायचं. बंदूक कशी धरावी याबद्दल कुणाला शंका नव्हती. बैल खाली पाडताना शिंग धरतात तशी, दात-ओठ खाऊन. छर्रे डबा सोडून सगळीकडं लागत होते. एक माझ्या टोपीच्या काठालाही लागला, पण तो म्हणे वाऱ्यानं.

"दुर्बीण वाकडी हाय," रुपेर्तो म्हणाला.

"नळी वाकडी हाय," अध्यक्ष म्हणाला.

"आंगण बी वाकडंच असंल," दाराशी उभी राहून एदुविनाबाई म्हणाली. ती रोज एकदा विचारायला यायची. शेंगांचा हिशेब सांगायचं तिनं आता सोडून दिलं होतं.

त्या दिवशी म्हाताऱ्या बाउदिलियोनं हट्ट धरला, की मलाही एकदा मारू द्या. वय ब्याऐंशी, हात सारखे थरथरतात. बंदूक आवळून धरायची ताकदच नाही. त्यानं डावा तळवा कुंपणाच्या खांबावर उताणा टेकला, त्यावर बंदूक नुसती ठेवली आणि चाप ओढला. डबा वाजला. दुसरा छर्रा, पुन्हा वाजला. तिसराही वाजला.

आम्ही पोट धरधरून हसलो. "कावळा बसाया आन फांदी मोडाया!" अध्यक्ष म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या हातनं बंदूक काढून घेतली. एदुविनाबाई तेवढी हसली नाही. ती म्हाताऱ्याच्या उताण्या तळव्याकडं बघत होती. मग निघून गेली.

तिसऱ्या आठवड्यात रुपेर्तोच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या कामाच्या बाकाला लाकूड आवळून धरायचा लोखंडी शेगडा आहे. त्या शेगड्यात त्यानं बंदूक गच्च आवळली आणि कागदावर पाच छर्रे मारले. पाचही एकाच भोकात! अध्यक्षानं तो कागद उन्हाकडं धरून सगळ्यांना दाखवला.

"म्हंजी बंदुकीत दोष न्हाई," तो म्हणाला. "दुर्बिणीत न्हाई, छर्र्यात न्हाई. दोष हाय माणसाच्या हातात. हातच काढून टाकला पायजे. चिटणीस, लिवा."

मी लिहिलं: 'नेमबाजीतून हात वगळण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.' अजून वहीत आहे, येऊन बघा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बैलगाडीत तो सुतारकामाचा बाक, शेगड्यासकट, चढवला आणि एदुविनाबाईच्या रानात नेला. ऊन डोक्यात शिरत होतं. माती इतकी तापलेली, की चपलेतनं चटका बसत होता. गाडी वळवताना मसुराच्या चार ओळी चाकाखाली गेल्या, बाक रोवताना दोन. बाई बांधावर उभी राहून बघत होती. तिला रडू येत होतं, हे मला दिसत होतं. मी काय केलं? बाकाचा चौथा पाय धरला.

बंदूक आवळली. तीस पावलांवर नेम बरोबर जिथं पडत होता तिथं अध्यक्षानं हिरव्यागार लसूणघासाची पेंढी ठेवली. ससा येईल, घासात तोंड घालेल, आपण चाप ओढायचा. अध्यक्ष, रुपेर्तो, बाउदिलियो आणि मी, आम्ही चौघं काटेरी झुडपामागं पालथे पडलो.

एदुविनाबाई आली आणि आमच्या मागं बसली. थोडा वेळ बघत राहिली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "बंदूक हालत न्हाई. ससा आपल्या पायानं येनार आन बरूबर तितंच मान घालनार?"

"बरूबर," अध्यक्ष म्हणाला.

"मग माझा फास काय वायलं करत हुता? त्यो तर वीतभर तारंत व्हत हुता. तुमास्नी बाक लागला, गाडी लागली, दोन बैल लागलं, आन वर चार बैल पालथं पडल्यात."

बाउदिलियो मातीत तोंड खुपसून हसला.

पहिल्या संध्याकाळी ससे आले. घास खाऊन, वर मसुराची बडीशेप करून गेले. ज्या ज्या वेळी एखाद्याचं डोकं जागेवर यायचं त्या वेळी अध्यक्षाला शिंक यायची, नाहीतर रुपेर्तो 'आता! आता!' म्हणून ओरडायचा. दुसऱ्या दिवशी पेंढी मोठी केली. सगळ्या टेकडीत दवंडी पिटल्यासारखं झालं. कधी न दिसलेले ससे पोराबाळांसकट आले. तिसऱ्या दिवशी तर ते आम्हाला ओळखायला लागले होते. मसुराच्या वरच्या निम्म्या रानात आता हिरवा ठिपका उरला नव्हता.

त्या तिसऱ्या संध्याकाळी, ऊन कलल्यावर, एक गलेलठ्ठ ससा आला. पेंढीजवळ आला. आणि नेमाच्या एक वीत डावीकडं बूड टेकून बसला. तिथनंच मान लांब करून एकेक काडी ओढून खायला लागला.

"सरक रं बाबा," रुपेर्तो कुजबुजला. "एक वीत सरक."

"उजवीकडं, लेकरा, उजवीकडं," अध्यक्ष इतक्या मायेनं म्हणाला, की त्याच्या बायकोनं ऐकलं असतं तर ती रडली असती.

ससा जागचा हलला नाही. अध्यक्षानं हळूच शेगड्याचा दांडा फिरवला. दांडा असा किंचाळला, की आमचे कान बसले. सशानं एक कान वर केला, आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागला. पाहुणचाराला सोकावला होता.

तेवढ्यात एदुविनाबाई उठली. सरळ बाकाशी गेली, दांडा दोन वेढे फिरवला आणि बंदूक उचलली.

"अगं ए बाई! तीन आठवड्यांची जुळवाजुळव हाय ती!" अध्यक्ष दबक्या आवाजात ओरडला.

तिनं ऐकलंच नाही. गुडघा टेकला, डावा तळवा उताणा करून बाकाच्या कडेवर ठेवला, त्यावर बंदूक नुसती ठेवली. पहिला छर्रा सशाच्या डोक्यावरनं गेला आणि मागं माती उडाली. ससा दोन उड्या मारून पुन्हा बसला. तिनं नळी दुमडली, छर्रा घातला, नेम दोन बोटं खाली घेतला. ससा जागच्या जागी आडवा झाला.

म्हातारा बाउदिलियो उठून बसला.

"चाप वढला की बंदूक उडी मारती," बाई बाउदिलियोला म्हणाली, आम्हाला नाही. "मारू द्याची. अंडं धरतो तशी धराची. ह्यांनी पैल्या दिसापासनं तिचं नरडं आवळलंय."

दॉन क्लोदोमिरो कपडे झाडत उठला. छाती पुढं काढली.

"बगितलंसा?" तो आम्हाला म्हणाला. "कशी जुळवली हाय!"

रविवारपर्यंत बाईनं सतरा ससे मारले. उरलेलं रान हिरवं राहिलं. रविवारी बैठक झाली. सगळं गाव जमलं होतं, ती मुरवलेल्या सशाचं पातेलं घेऊन आली होती. तोंडातला घास गिळत अध्यक्षानं मजकूर सांगितला आणि मी लिहिला: 'मंडळाच्या तीन आठवड्यांच्या अथक परिश्रमाने बंदूक जुळली व सशांचा बंदोबस्त झाला. बाकाबद्दल श्री. रुपेर्तो यांचे आभार.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा, आणि त्या नागोबाचा कारकून मी.

वही सह्यांसाठी फिरली. एदुविनाबाईकडं गेली ती तिथंच थांबली. बाई सही करायला फार वेळ लावत होती. एकेक अक्षर कोरून काढत होती.

"काय लिवती हाय? वाचा," अध्यक्ष मला म्हणाला.

मी वाचलं: 'बंदूक जुळंपर्यंत माझा अर्धा मसूर गेला. एदुविना.'

पातेल्यातली पळी थांबली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"ह्यो इषय आजच्या बैठकीत न्हवता," अध्यक्ष म्हणाला. "चिटणीस, खोडा त्ये."

"मसूर बी बैठकीत न्हवता," बाई म्हणाली. "रानात हुता. खोड नोल्बेर्तो, खोडून बग."

आमच्या वहीत खोडाखोड झाली तर पान रद्द होतं, आणि पान रद्द झालं तर त्यावरचे आभारही रद्द. रुपेर्तोनं माझा हात धरला. आपलं नाव कागदावर आलेलं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघायला मिळत होतं. मीच म्हटलं, राहू द्या.

आता शेवटची सही अध्यक्षाची; त्या सहीच्या वरचं सगळं मंडळाला मंजूर, असा आमचा रिवाज. वर तसूभर जागा उरली नव्हती. दॉन क्लोदोमिरोनं पेन पुसलं, दोनदा पुसलं, आणि तिच्या ओळीच्या खाली सही केली.