घोडा वाचला, मी गेलो

"काय रे म्हाताऱ्या, तू संगणक आहेस की शेगडी?"

हा प्रश्न मला चोल्पोनने विचारला. स्वतःच्या मनाने नाही हं! तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं की, तुझं ते घुरघुरणारं खोकं आहे ना, त्याला तोंडावर विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर फळा तू पुसायचा. चोल्पोनने विचारलं. मैत्रिणी दारात उभ्या राहून खिदळल्या आणि सगळ्याजणी चहा प्यायला निघून गेल्या. उत्तर ऐकायला एकही थांबली नाही!

म्हणून मित्रांनो, ते उत्तर तुम्ही ऐका. मी मुळीच शेगडी नाही. मी एक जुना सर्व्हर आहे. अंगाने पत्र्याच्या सुटकेससारखा चपटा, आवाजाने पिठाच्या गिरणीसारखा. आणि माझा घोर अपमान झालेला आहे.

माझा जन्म पूर्वेच्या डोंगरांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला बिश्केकला, म्हणजे आमच्या राजधानीला, एका मोठ्या कचेरीत आणलं. काय थाट होता माझा! मला स्वतंत्र खोली होती, उन्हाळ्यातही थंडगार. आत येणारा माणूस बुटांवर पिशव्या चढवून यायचा. शेकडो लोकांची कामं माझ्यातून जायची आणि मी एकदाही कुरकुर केली नाही. मग एक दिवस माझ्याहून बारीक, माझ्याहून वेगवान, माझ्याहून शांत यंत्रं आली. त्याच दुपारी माझे स्क्रू काढले आणि मला मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात टाकलं. साधं "बरं काम केलंस हो" एवढंही कुणी म्हणालं नाही. सांगा, राग येईल की नाही?

तिथून मला चोल्पोनच्या मामाने उचललं. मामा बिश्केक ते काराकोल अशी प्रवासी गाडी चालवतो. त्याने मला जाड लोकरी नमद्यात गुंडाळलं आणि कांद्याचं पोतं आणि एक कोंबडीवाली आजी यांच्यामध्ये बसवलं. सगळा रस्ताभर कोंबडी माझ्याकडे संशयाने बघत होती. काराकोलला, चोल्पोनच्या घरी, पोचल्यावर मामाने हाक मारली, "घे गं पोरी! जुनं यंत्र हवं म्हणून माझं डोकं खात होतीस ना? हे इतकं जुनं आहे की याला आजोबाच म्हण."

आणि चोल्पोनने मला मिठी मारली. खरंच! इतक्या वर्षांत मला मिठी मारणारी ती पहिली.

तिने मला पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं, भिंतीशी रचलेल्या गाद्या-गोधड्यांच्या थप्पीजवळ. ही खोली पाहुणे आले तरच गरम करतात, एरवी ती गार असते. मला गारवाच मानवतो. चोल्पोनला हे कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतः वाचून काढलं होतं. तिने ब्रशने माझ्या पंख्यांतली धूळ काढली, मामाकडून आणखी जुने सुटे भाग मागवून माझी स्मृती वाढवली आणि मग माझ्या पोटात एक अख्खं गाव वसवलं.

गाव म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण इथेच सगळे मला शेगडी समजायची चूक करतात. बाहेरून मी एकच यंत्र. पण माझ्या आत चोल्पोनने डझनभर यंत्रं तयार केली, जी कुठल्याच टेबलावर नाहीत. त्यांना ना डबा, ना वायर, ना वजन. एक यंत्र शाळेचं, एक दवाखान्याचं, एक टपाल कचेरीचं. एकाचा निरोप दुसऱ्याकडे कुठल्या वाटेने जाईल हे ठरवणारी यंत्रं वेगळी, म्हणजे जणू चौकातले शिपाई. खऱ्या सामानाने असं जाळं उभं करायचं तर सगळी खोली भरली असती. इथे मी एकटा डझनभर सोंगं घेऊन बसलो होतो! आणि गंमत अशी की यातलं काही बिघडलं तरी खऱ्या जगात कुणाचं काही बिघडत नाही. बिघडवा, शिका, पुन्हा जोडा.

चोल्पोनने बिघडवलंही खूप. एकदा तिने दोन शिपायांना एकमेकांकडेच बोट दाखवायला लावलं. निरोप इकडून तिकडे, तिकडून इकडे, गरागरा फिरत राहिला. माझे पंखे किंचाळायला लागले. चोल्पोन आधी किंचाळली, मग कपाळावर हात मारून हसली आणि तिने मुकाट्याने वाट सुधारली. जेव्हा शाळेच्या यंत्राने पहिल्यांदा दवाखान्याला हाक दिली आणि पलीकडून "ओ" आली, तेव्हा ती गाद्यांच्या थप्पीवर चढून नाचली. थप्पी कोसळली. तिची आई धावत आली. आईला त्या घरात आपा म्हणतात.

"काय फुटलं?" आपाने विचारलं.

"काही नाही फुटलं, आपा! शाळेला दवाखाना सापडला!"

"देवा! कोण आजारी आहे शाळेत?"

तर असं आमचं कौतुक.

याच आपाने पुढे माझा पहिला अपमान केला. एका सकाळी तिच्या लक्षात आलं की माझ्या पाठीमागून दिवसभर गरम वारा येतो. झालं! दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर पांढरं फडकं आणि फडक्यावर कुरूत. कुरूत म्हणजे दह्याच्या खारट गोळ्या. त्या वाळायला ठेवल्या, अगदी ओल्या! मी काय म्हणणार? घुरघुरलो. तिसऱ्या दिवशी खारट पाणी माझ्या फटींतून आत गळलं, स्मृतीची एक पट्टी मेली आणि चोल्पोनच्या गावातली टपाल कचेरी आणि अर्धा बाजार नाहीसा झाला.

"आपा, तू त्याला मारलं असतंस!" चोल्पोन रडकुंडीला आली होती.

"मी कशाला मारू? एवढा छान वारा फुकट जातोय. मग त्यावर वाळवू नको तर काय करू?"

"तो वारा म्हणजे त्याचा श्वास आहे!"

"मग श्वासाला वास येत असेल तर कुरूताचा येईल, चांगलाच की!"

त्याच गोळ्या मैत्रिणींनी चोखल्या आणि त्यांनीच मला शेगडी म्हटलं. कशी वाटते तुम्हाला ही माणसं?

पण मित्रांनो, कुरूत मी विसरलोही असतो. खरी आग लागली ती नावाची. घरी जो येई तो मला बघून म्हणे, "वा! हे एर्मेकचं वाटतं? हुशार आहे हो मुलगा!" एर्मेक हा चोल्पोनचा मोठा भाऊ. त्याने माझं बटण एकदाच दाबलं होतं, तेही पायाने, मोजा शोधताना. तरी वडील, ज्यांना सगळे अता म्हणतात, मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "हो, आमची पोरं तशी हुशारच." पोरं! एर्मेकही हो-नाही काहीच म्हणत नसे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. चोल्पोन ओठ चावायची आणि चहा ओतायची. कारण पाहुण्यांना चहा ओतायचं काम घरातल्या मुलीचं, आणि ओतणाऱ्या मुलीने मध्ये बोलायचं नसतं.

आता मुख्य गोष्ट. राजधानीतल्या तंत्रशाळेत चोल्पोनला जायचं आहे. त्यांची परीक्षा विचित्र आहे. उमेदवाराने आपलं जाळं आपणच उभं करायचं. ठरल्या दिवशी परीक्षक दुरूनच, इंटरनेटवरून, आत शिरतो आणि गुपचूप काहीतरी मोडतो. मग तासाभरात ते शोधून दुरुस्त करायचं. चोल्पोनची परीक्षा गुरुवारी होती. शाळेतल्या संगणकांना हे गाव पेलत नाही, त्यांना एक यंत्र चालवतानाच धाप लागते. म्हणजे गुरुवारी मी चालू असलो तर चोल्पोनची परीक्षा, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत काही नाही.

आणि त्याच्या आधीच्याच रविवारी एर्मेकचे होणारे सासरे, तोक्तोसून, पहिल्यांदा घरी आले.

आमच्याकडे रीत आहे. व्याही पहिल्यांदा घरी आला की त्याने मनाला आवडेल ती एक वस्तू मागावी आणि यजमानाने नाही म्हणू नये. म्हणून अताने आदल्या दिवशीच आपला लाडका तांबडा घोडा शेजारच्या गोठ्यात नेऊन बांधला होता, वर गवताच्या पेंढ्या उभ्या करून! मी खिडकीतून सगळं पाहिलं. घोड्यासाठी केवढी धडपड! माझ्यावर कुणी निदान एखादी चादर तरी टाकायची होती.

तोक्तोसून म्हणजे गडगडाटी माणूस. तलावाकाठी त्यांचं पर्यटकांना उतरायला द्यायचं घर आहे, पुष्कळ खोल्यांचं. मटण झालं, तळलेल्या पिठाचे गोळे, म्हणजे बोर्सोक, झाले. ते बसले होते माझ्या अगदी शेजारी.

"कुदा," ते अताला म्हणाले. व्याह्याला तसंच म्हणतात. "हे काय गुरगुरतंय? कुत्रा बांधलाय का?"

"छे छे! संगणक आहे. यात म्हणे अख्खं गाव चालतं. घरीच उभं केलंय."

"एर्मेकने? शाब्बास जावईबापू!" तोक्तोसूननी एर्मेकच्या पाठीत अशी थाप मारली की त्याच्या तोंडातला बोर्सोक अडकला. एर्मेक खोकला. खोकल्याला सगळ्यांनी होकार समजून टाकलं. "अरे, माझ्याकडे पाहुणे रोज भांडतात. खोलीत इंटरनेट पोचत नाही म्हणतात, अंगणात येऊन नाचावं लागतं. कुदा, मला दुसरं काही नको. हेच द्या!"

अताच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू! "बस? एवढंच? न्या की! तुमचंच आहे!"

एवढंच! आपल्यात म्हण आहे ना, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं? इथे घोडं गवताआड सुरक्षित राहिलं आणि व्याह्याकडे धाडलं मला! कांद्याच्या पोत्यालाही निघताना कुणी विचारत नाही, पण कांद्याच्या पोटात कुणा मुलीचं गाव नसतं हो!

चोल्पोनच्या हातातली किटली तिरकी झाली आणि चहाची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे वाटी अर्धीच भरतात. भरलेली वाटी म्हणजे पाहुण्याला "आता उठा" म्हणणं. आपाने डोळे मोठे केले. चोल्पोनने वाटी मागे घेतली, दुसरी अर्धी भरली, दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरली आणि बाहेर गेली. पंख्यांच्या आवाजातही मला तिचे बूट अंगणात आपटताना ऐकू आले.

"मग जावईबापू, जोडायला कधी येता?" तोक्तोसूननी विचारलं.

एर्मेकचे कान लाल झाले. "ते... बघू," तो म्हणाला. एवढंच. त्याने तेव्हा तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर मी त्याचे सगळे गुन्हे माफ केले असते, पायाने दाबलेलं बटणसुद्धा.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल तर त्याची पूजा करू नका. फक्त त्याच्या डोक्यावर ओलं काही ठेवू नका आणि त्याच्या श्वासाच्या वाटा मोकळ्या ठेवा. आणि ते कुणाला देऊन टाकायच्या आधी एकदा विचारा, याच्याशी रोज बोलतं कोण? यंत्र धुळीने मरतं, उष्णतेने मरतं, पण आपलं काम दुसऱ्याच्या नावावर चढलेलं ऐकताना जे होतं, ते मरण्यापेक्षा वाईट. हे मला कुठल्याच पट्टीने नाही, चोल्पोनच्या मिटलेल्या ओठांनी शिकवलं.

व्याही गाडीत जाऊन बसले. अता आणि आपा मला न्यायला नमदा घेऊन आले. अता वायरीला हात घालणार, इतक्यात चोल्पोन आत आली. बूट, कोट, टोपी, पाठीवर दप्तर.

"अता, ओढू नका! आधी त्याला नीट बंद करू द्या." तिने मला हळूहळू झोपवलं, एकेक यंत्र, आधी दवाखाना, मग शाळा. माझे कान तेवढे जागे राहिले. मग ती उठली. "अता, पाहुण्याला दिलेला शब्द मागे घेता येत नाही ना?"

"नाही, बाळ. मला नाही कळलं गं, की तुला एवढं..."

"तुम्ही विचारलंच नाही."

अताने नमदा जमिनीवर पसरला. आपा म्हणाली, "मामाला सांगू, दुसरं आणेल."

"गुरुवारपर्यंत? आणि त्यात गाव कोण वसवेल, कोंबडी? नाही आपा. शब्द मोडायचा नाही, यंत्र जाऊ दे. मीपण त्याच्याबरोबर चाललेय."

"कुठे?"

"तोक्तोसूनकाकांकडे. मी आत्ताच गाडीपाशी जाऊन त्यांना सांगितलं की हे यंत्र एर्मेकने नाही, मी उभं केलंय, आणि नुसतं खोकं नेलंत तर तुमचे पाहुणे अंगणातच नाचणार. ते आधी हसले. मग म्हणाले, चल, बस."

"अगं, सून इकडे यायच्या आधी आपली मुलगी तिकडे राहायला? लोक काय म्हणतील?" आपा म्हणाली.

"होणाऱ्या वहिनीच्या खोलीत झोपेन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे." चोल्पोनने माझं एक टोक उचललं आणि दुसरं टोक अताच्या हातात दिलं. "गुरुवारची परीक्षा मी तिथून देणार. त्यांच्या सगळ्या खोल्यांचं जाळंही मीच बांधणार, आणि कुणी बांधलं असं विचारलं तर माझंच नाव सांगणार. पास झाले तर शरदात राजधानीला शिकायला जाणार, नापास झाले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसणार. मी परवानगी मागत नाहीये अता, ठरलेलं सांगतेय. चला, उचला."